आधी चूक शोधा, कोर्स नंतर

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार.

मी एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात ११ वर्षं आहे. आरोग्य विम्याचे क्लेम तपासते. नवीन मुलंमुली आली की त्यांना तयार करायचं काम हळूहळू माझ्याकडेच आलं आणि ते मला मनापासून आवडतं. शिकवलेली मुलगी पहिली अवघड फाइल एकटीनं निकाली काढते तेव्हा जो आनंद होतो, तो मला स्वतःच्या बढतीलाही झाला नव्हता. म्हणून इन्स्ट्रक्शनल डिझाइनमध्ये, म्हणजे प्रशिक्षणाची आखणी करण्याच्या क्षेत्रात, जायचं ठरवलं. पैसे भरून स्टोरीलाइन या ऑनलाइन धडे बनवायच्या सॉफ्टवेअरचा कोर्स केला, पासवर्डच्या सुरक्षेवर एक मॉड्यूल, म्हणजे छोटा धडा, बनवलं, अर्ज पाठवले. दोन ठिकाणी मुलाखत झाली. एका ठिकाणी विचारलं, "या मॉड्यूलमुळे काय बदललं?" मला उत्तर देता आलं नाही.

माझं वय ३७, पदवी वाणिज्य शाखेची. आता पदव्युत्तर पदवी घ्यावी का? नोकरी सोडून पूर्ण वेळ याच्यामागे लागावं का? की एआय हे सगळं करणारच आहे तर हा विचारच सोडून द्यावा? त्यातच मॅनेजर म्हणतात, नवीन मुलं एकाच फाइलवर दोन-तीनदा क्वेरी काढतात, ग्राहक चिडतात, तू त्यांचं पुन्हा दोन तासांचं ट्रेनिंग घे. तेही डोक्यावर आहे.

— क्लेम विभागातली एक वाचक

उत्तर:

नमस्कार.

नोकरी सोडू नका. पदव्युत्तर पदवीचा फॉर्म भरायला काढला असेल तर तोही तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा मजकूर शेवटी आहे आणि तो तुम्ही जाता जाता लिहिलात. मॅनेजरनी सांगितलेलं ते दोन तासांचं ट्रेनिंग म्हणजे या क्षेत्रातलं तुमचं पहिलं खरं काम. बाहेरून येणाऱ्याला अशी जिवंत अडचण हाताशी मिळत नाही. तुमच्या टेबलावर ती आपणहून आली आहे.

मुलाखतीतला प्रश्न मनाला लावून घेऊ नका, पण विसरूही नका. पासवर्डचं मॉड्यूल तुम्ही नेटकंच केलं असणार. बटणं चालत असतील, शेवटी चाचणीही असेल. पण ते कुणासाठी होतं? ती माणसं आधी नेमकं काय चुकीचं करत होती? मॉड्यूल पाहिल्यावर त्यातलं काय थांबलं? तुमच्या कोर्समध्ये हे प्रश्न आले नाहीत, कारण तिथं टूल शिकवायचं होतं. टूल शिकलं की पेशा आला, ही गल्लत या क्षेत्रात सर्रास होते आणि चांगली, मेहनती माणसं त्यात पैसा आणि उमेद दोन्ही घालवतात याचं मला वाईट वाटतं. लोक कामावर जे करतात ते बदलणं, हे इन्स्ट्रक्शनल डिझायनरचं काम. कोर्स हा त्याचा एक मार्ग आहे, आणि बऱ्याचदा तो सगळ्यात खर्चिक मार्ग असतो.

तुमच्या क्वेरीच्या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतील. (इतर वाचकांसाठी: क्लेमच्या कागदपत्रांत काही कमी असलं की ते मागवणारं पत्र ग्राहकाला जातं, त्याला क्वेरी म्हणतात. एकदाच सगळं मागितलं तर ठीक. आज एक कागद, पंधरा दिवसांनी दुसरा, असं झालं की आजारपणातून उठलेल्या माणसाचा जीव मेटाकुटीला येतो.)

मॅनेजरांचं म्हणणं असं: मुलं एकाच फाइलवर तीनदा क्वेरी काढतात, म्हणजे त्यांना कागदपत्रांतल्या त्रुटी कळत नाहीत, म्हणून ट्रेनिंग द्या. यातली पहिली गोष्ट त्यांनी पाहिलेली आहे. पुढच्या दोन्ही त्यांचा अंदाज आहेत. पहिली धरून ठेवा, पुढच्या दोन्ही तपासा.

तपासायची एक जुनी आणि फार सोपी पद्धत आहे. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप या दोघा प्रशिक्षणतज्ज्ञांनी १९७० मध्ये ती मांडली. कामात कमी पडणाऱ्या माणसाबद्दल एकच प्रश्न विचारायचा: जिवावर बेतलं तर याला हे जमेल का? जमणार असेल तर त्याला ते येतंच. मग पुन्हा शिकवण्यात अर्थ नाही, येत असून तो करत का नाही हे बघायला हवं. तुमच्यापुरतं सांगायचं तर एकेका मुलाला शेजारी बसवा, पाच त्रुटी असलेली फाइल हातात द्या आणि म्हणा, वेळेची चिंता करू नकोस, यात जे जे कमी आहे ते सगळं लिहून काढ. त्यानं पाचही त्रुटी लिहून दिल्या, तर दोन तासांच्या ट्रेनिंगनं काहीही बदलणार नाही, हे तुम्हाला तिथल्या तिथे कळेल.

मग अडतंय कुठे? इथं थॉमस गिल्बर्ट या अमेरिकी अभ्यासकाची आठवण ठेवा. १९७८ मध्ये त्यानं कामातल्या कामगिरीची सहा कप्प्यांत मांडणी केली. तीन कप्पे माणसाच्या भोवतालचे: त्याला मिळणारी माहिती, हातातली साधनं, आणि चांगल्या-वाईट कामाचं मिळणारं फळ. तीन कप्पे माणसाच्या आतले: ज्ञान, कुवत आणि इच्छा. गिल्बर्टचा आग्रह असा की आधी भोवतालचे तीन कप्पे बघा, कारण तिथं थोड्या खर्चात मोठा फरक पडतो. आपण नेमकं उलट करतो. काही बिघडलं की पहिला संशय माणसाच्या ज्ञानावर. ट्रेनिंगनं भरता येतो असा कप्पा मात्र सहांपैकी मुख्यतः तो एकच आहे.

मी तुमच्या जागी असते तर पहिल्यांदा टार्गेट कसं मोजतात ते पाहिलं असतं. क्वेरी काढली की ती फाइल दिवसाच्या हिशेबात 'हाताळली' म्हणून धरली जाते का? तसं असेल तर पहिली त्रुटी दिसताच क्वेरी काढून पुढच्या फाइलकडे वळणारा मुलगा अगदी हुशारीनं वागतोय. तुमच्या विभागानंच त्याला ते शिकवलंय, वर्गात न बसवता. मग सॉफ्टवेअर पाहिलं असतं. क्वेरीचं कारण निवडायच्या यादीत एका वेळी एकच कारण निवडता येतं का? आणि कागदपत्रांची जी यादी मुलं वापरतात ती कधीची आहे? यातलं एकही कारण असलं तर उपाय वर्गाबाहेर आहे.

हे सगळं तपासूनही काही भाग ज्ञानाचा उरेलच, आणि तो खरा तुमचा प्रांत. कदाचित साध्या फाइलींत मुलं चुकत नसतील, पण शस्त्रक्रियेत बसवलेल्या इम्प्लांटचं बिल वेगळं लागतं हे त्यांच्या लक्षात येत नसेल. किंवा आजार जुना आहे का हे ठरवायला पहिल्या तपासणीचा कागद लागतो, हे डिस्चार्ज समरी वाचताना सुचत नसेल. असं निघालं तर ट्रेनिंग द्याच, पण एवढ्याचंच द्या. दोन तास कशाला, कदाचित चाळीस मिनिटं पुरतील.

मॅनेजरना हे सांगायचं कसं, यावर अनेक चांगली माणसं अडखळतात. "ट्रेनिंगची गरज नाही" असं तोंडावर म्हणू नका. त्यांनी तुमच्यावर विश्वासानं काम सोपवलंय आणि त्यांच्या डोक्यावरही कुणीतरी आहे. असं म्हणा: "सर, ट्रेनिंग मी घेतेच. त्याआधी दुसऱ्यांदा क्वेरी गेलेल्या गेल्या महिन्यातल्या तीस फाइली मला बघू द्या. म्हणजे त्या वेळेत नेमकं काय घ्यायचं ते ठरवता येईल." याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. आणि त्या तीस फाइलींचा गोषवारा घेऊन तुम्ही परत जाल तेव्हा बोलणं तुमच्या मतावर होणार नाही, फाइलींवर होईल. त्यातल्या वीस फाइलींत क्वेरीचं कारण यादीतून निवडतानाच घोटाळा झालेला दिसला तर तो मॅनेजरांना तुमच्याआधी दिसेल.

एक धोका मात्र खास तुमचा आहे. तुम्ही ११ वर्षं हे काम करता, त्यामुळे तुमचा हात आणि डोळा तुमच्या नकळत चालतो. फाइल उघडली की नजर आधी कुठं जाते, कोणत्या आकड्यावर थांबते, 'इथं काहीतरी गडबड आहे' हे कशावरून वाटतं, ते तुम्हाला आता सांगता येणार नाही. मुरलेली माणसं शिकवताना पायऱ्या गाळतात आणि गाळल्याचं त्यांना कळतही नाही. म्हणून स्वतःला विषयतज्ज्ञ समजून थेट लिहायला बसू नका. विभागातल्या दुसऱ्या जाणत्या माणसाशेजारी बसा आणि त्याला खरी फाइल तपासू द्या. "नवीन मुलांना काय यायला हवं?" असं विचारलंत तर तो भाषण देईल. "आत्ता हे पान उलटायच्या आधी तुम्ही काय पाहिलंत?" असं विचारा. "गेल्या वेळी अशी फाइल फसली तेव्हा पहिली शंका कशावरून आली?" असं विचारा. हे प्रश्न विचारण्याचं कसब, माझ्या मते, या पेशातलं सगळ्यात मोठं कसब आहे. पुढं तुम्ही औषध कंपनीत जा की गोदामात, तिथला विषय तुम्हाला येत नसेल. विचारता येत असेल तर काम होईल.

ऐकलेलं मांडायचं कसं, यासाठी दुसऱ्या महायुद्धातली एक पद्धत मला आजही सगळ्यात भरवशाची वाटते. अमेरिकेत १९४० ते १९४५ या काळात कारखान्यांमध्ये मोठ्या संख्येनं नवखी माणसं कामावर आली. त्यांना झटपट तयार करण्यासाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी उपक्रम चालला. त्यात मुकादमांनाच शिकवायला शिकवत, दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत. त्यांच्याकडे एक साधा तक्ता असे. डावीकडे कामाचे महत्त्वाचे टप्पे, उजवीकडे प्रत्येक टप्प्यातल्या कळीच्या गोष्टी: काय केलं तर काम साधतं, काय चुकलं तर बिघडतं, कुठं इजा होते. मग शिकवण्याची चार पावलं: माणसाची तयारी करून घ्या, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग सोडून द्या पण लक्ष ठेवा. शिकणाऱ्याला आलं नाही तर शिकवणाऱ्यानं शिकवलंच नाही, असं त्यांचं ब्रीद होतं. क्लेम फाइल तपासण्याचा असा दोन रकान्यांचा तक्ता तुम्ही एका पानावर केलात तर कदाचित तुमच्या विभागाला मॉड्यूलची गरजच पडणार नाही.

गरज पडलीच, तर पहिल्यांदा उद्दिष्ट लिहा. इथंही मेगरच कामी येतो. १९६२ मध्ये त्यानं सांगितलं की उद्दिष्टात तीन गोष्टी हव्यात: माणूस काय करेल, कोणत्या परिस्थितीत करेल, आणि किती चांगलं केलं म्हणजे पुरे. "क्लेमची कागदपत्रं समजून घेणे" हे उद्दिष्ट नाही, कारण समजलं की नाही हे बाहेरून दिसत नाही. "कागदपत्रांची यादी समोर असताना, शस्त्रक्रियेच्या फाइलमधल्या सगळ्या त्रुटी शोधून त्या एकाच क्वेरीत मागवणे" हे उद्दिष्ट आहे. ते लिहून झालं की कोर्स अर्धा तयार झाला, कारण सराव कशाचा द्यायचा हे त्याच वाक्यात आहे: शस्त्रक्रियेच्या फाइलींचा. पॉलिसीचा इतिहास, विभागाची रचना, संचालकांचा संदेश, हे सगळं गळून पडतं. गळू द्या. गाळलेल्या मजकुरावर कुणीतरी रुसेल, त्याची तयारी ठेवा.

माणूस शिकतो कसा, याचा थोडा पण पक्का अभ्यास करा. हेनरी रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग तुमच्या कामाला थेट लागू पडतो. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे ट्रेनिंग संपल्या संपल्या घेतलेली चाचणी आपल्याला फसवते. मुलांना फाइली द्या, चुकू द्या, आठवायला लावा, आणि चार दिवसांनी पुन्हा दोन फाइली द्या. विसरण्याचा वेग किती असतो हे हर्मन एबिंगहाउसनं १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय. तरीही आपण सगळं एकाच दुपारी उरकतो. रिचर्ड मेयर यांच्या संशोधनातली एक गोष्टही आजपासून पाळा: पडद्यावर लिहिलेला मजकूर शब्दशः वाचून दाखवू नका. चित्र किंवा फाइलचं पान दाखवा आणि त्यावर बोला. दोन्हीकडे तोच मजकूर आला की ऐकणाऱ्याचं लक्ष फाटतं.

आणि दोन गोष्टींना बळी पडू नका, कारण त्या तुम्हाला मुलाखतीतसुद्धा भेटतील. कुणी बघून शिकतो, कुणी ऐकून, कुणी हातानं करून, म्हणून प्रत्येकाला त्याच्या शैलीत शिकवावं, या समजुतीला पुरेसा आधार सापडत नाही, असा निष्कर्ष चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये सगळा पुरावा तपासून काढला. दुसरी म्हणजे 'वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, केलेलं ९० टक्के' अशी आकडेवारी असलेला शंकू. एडगर डेल यांनी १९४६ मध्ये शंकू काढला होता हे खरं, पण त्यात टक्के नव्हतेच. ते नंतर कुणीतरी चिकटवले. समोरच्यानं यातलं काही ठामपणे सांगितलं तर वाद घालू नका, शांतपणे "मी असं वाचलंय" म्हणा. चांगल्या मुलाखतकाराला तेवढं पुरतं.

आता "काय बदललं?" या प्रश्नाचं उत्तर. ते ट्रेनिंगनंतर शोधायला गेलात तर सापडणार नाही, आधी पेरून ठेवावं लागतं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९-६० मध्ये ट्रेनिंग मोजण्याच्या चार पातळ्या सांगितल्या: लोकांना ते कसं वाटलं, ते काय शिकले, कामावर वेगळं काय करू लागले, आणि संस्थेला त्याचा काय फायदा झाला. बहुतेक ठिकाणी मोजमाप पहिल्या पातळीवर, म्हणजे शेवटी भरून घेतलेल्या फॉर्मवर थांबतं. तुम्ही शेवटून सुरुवात करा. एकापेक्षा जास्त वेळा क्वेरी गेलेल्या फाइली महिन्याला किती आहेत, तो आकडा कामाला हात लावण्याआधी काढून ठेवा. मग बदल करा. मग महिन्यानं आणि तीन महिन्यांनी तोच आकडा पुन्हा काढा. तो खाली आला तर त्याचं सगळं श्रेय स्वतःकडे घेऊ नका. त्याच काळात सॉफ्टवेअर बदललं असेल, काम कमी आलं असेल, तर तेही लिहा. हा प्रामाणिकपणा पोर्टफोलिओत उठून दिसतो.

पोर्टफोलिओविषयी माझं मत ठाम आहे: दहा दिमाखदार मॉड्यूलं नकोत, दोन-तीन कामांची गोष्ट हवी. मॅनेजर काय म्हणाले, तुम्ही जाऊन काय पाहिलंत, काय शिकवायचं नाही असं ठरवलंत आणि का, पहिला मसुदा कुणाला दाखवला, तो कुठं फसला, पुढं आकडा काय झाला. त्यातलं एक काम तरी असं असू द्या ज्यात कोर्स नाहीच, फक्त एका पानाची यादी आहे. ज्या माणसाला कोर्स न बनवण्याचा निर्णय घेता येतो, त्याच्यावर कोर्सचं काम सोपवायला अनुभवी लोक कचरत नाहीत. मात्र ग्राहकांची एकही खरी फाइल, कंपनीचा एकही कागद बाहेर जाता कामा नये. आरोग्याची माहिती आहे ती, यात कसलीही तडजोड नको. नावं, आकडे, आजार सगळं काल्पनिक करून नवी नमुना फाइल बनवा आणि तीही मॅनेजरांची लेखी परवानगी घेऊनच दाखवा. पासवर्डचं मॉड्यूल काढून टाका.

टूलचं थोडक्यात. स्टोरीलाइन येतं तर पुरे आहे. राइज, कॅप्टिव्हेट, कॅमटेशिया यातलं काही लागलंच तर तेव्हा शिकाल. मूडल हे लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिमचं (म्हणजे कोर्स लोकांपर्यंत पोचवून त्यांची प्रगती नोंदवणाऱ्या व्यवस्थेचं) सॉफ्टवेअर मुक्त आहे. त्यात स्वतःचं मॉड्यूल चढवून पाहा, म्हणजे स्कॉर्मचं (कोर्स वेगवेगळ्या सिस्टिममध्ये चालावा म्हणून ठरवलेल्या मानकाचं) पॅकेज काय असतं आणि कुठं रुसतं ते कळेल. स्कॉर्मची २००१ मधली १.२ ही आवृत्ती अजून वापरात आहे, तेव्हा जुनं म्हणून सोडू नका. आणि दृष्टी किंवा श्रवण कमी असलेल्या माणसालाही तुमचं काम वापरता यायला हवं: व्हिडिओला कॅप्शन, फक्त कीबोर्डनं चालणारी बटणं, अक्षरं आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ असा कॉन्ट्रास्ट. हे शेवटी लावायचं ठिगळ नाही, पहिल्या पानापासून पाळा.

जाहिराती वाचताना पदाच्या नावावर जाऊ नका. कुठं इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणजे लिहिणारा, कुठं स्टोरीलाइनमध्ये बांधणारा, कुठं वर्ग घेणारा, तर लहान कंपनीत हे सगळं आणि वर सिस्टिम सांभाळणाराही तोच. तुम्हाला पहिली फाइल एकटीनं सोडवणारी मुलगी बघून आनंद होतो असं तुम्ही लिहिलंय. हे नीट ऐका. दिवसभर स्क्रीनसमोर बसून मॉड्यूल बांधायच्या नोकरीत तो चेहरा तुम्हाला दिसणार नाही. कामाच्या जागी जाऊन बघणं, बोलणं, सराव घेणं ज्यात आहे अशी भूमिका शोधा, पगार सुरुवातीला थोडा कमी असला तरी.

पदवीबद्दल: विद्यापीठात शिकवायचं असेल किंवा जाहिरातच पदवी मागत असेल तर घ्या, एरवी वर्षभर थांबा. ॲडी नावाची जी पद्धत सगळीकडे शिकवतात (विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन), तिचं मूळ १९७५ च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी लष्करासाठी झालेल्या कामात आहे. ती समजायला एक संध्याकाळ लागते. तिचा पहिला टप्पा खऱ्या माणसांबरोबर पार पाडायला शिकणं लांबचं काम आहे, आणि त्यासाठी लागणारी जागा तुमच्याकडे आज आहे. वयाची काळजी मी समजू शकते, पण या कामात ११ वर्षांचा दुसऱ्या कामाचा अनुभव ही जमेची बाजू आहे. विमा कंपन्यांना, रुग्णालयांना, बिलिंगचं काम करणाऱ्या संस्थांना क्लेम आतून माहीत असलेला डिझायनर हवाच असतो. पहिले अर्ज तिथंच करा.

एआय. जे काम म्हणजे दिलेलं प्रेझेंटेशन घेऊन त्याला आवाज, चित्रं आणि पाच प्रश्न जोडणं, ते आकसतंय, आणि त्याच कामावर करिअर उभं करायला मी तुम्हाला सांगणार नाही. मसुदा लिहायला, सरावासाठी वीस वेगवेगळ्या काल्पनिक फाइली रचायला एआय जरूर वापरा, वेळ खूप वाचतो. पण ते इम्प्लांटच्या बिलाबद्दल ठामपणे चुकीचंही सांगू शकतं, म्हणून प्रत्येक ओळ जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, आणि ग्राहकाची माहिती त्यात कधीही टाकू नका. टार्गेट चुकीचं मोजलं जातंय म्हणून मुलं घाई करतात, हे मात्र कुणीतरी त्यांच्या शेजारी बसून, त्यांचा विश्वास मिळवून, ऐकावं लागतं. नवीन मुलं तुमच्याशी मोकळेपणानं बोलतात. ती मॅनेजरशी तशी बोलणार नाहीत.

आता या आठवड्यापुरतं. मॅनेजरना वर लिहिलेलं वाक्य बोला आणि फाइली मिळवा. दुसऱ्यांदा क्वेरी का गेली, याची कारणं वहीत मांडा. पहिल्या दहा फाइलींतच दोन-तीन कारणं वारंवार दिसू लागतील. मग दोन मुलांना शेजारी बसवून त्रुटींची फाइल द्या. हे झालं की तुमच्या कंपनीच्या ट्रेनिंग विभागप्रमुखांची अर्धा तास भेट मागा. नोकरी मागू नका, सापडलेलं दाखवा आणि विचारा, "क्लेमशी संबंधित पुढचं काम आलं तर आठवड्यातला एक दिवस मी तुमच्याबरोबर करू का?" त्यांनी नाही म्हटलं तरी क्वेरीचं काम तुमच्या विभागात पूर्ण करा आणि तीन महिन्यांचा आकडा हातात आल्यावर बाहेर अर्ज सुरू करा. आकडा खाली आला नाही तरी मला लिहा. त्या वेळी फाइलींत काय दिसलं ते सविस्तर कळवा, आपण मिळून पाहू.